मेंडोटा तळ्याकाठची संध्याकाळ

बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय होता ‘हसतखेळत शिक्षण’. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, पाहुण्यांची ओळख पाहुण्यांच्या भाषणाहून लांबली. मग दोन दिवस निबंधवाचन. खेळाचे मानसशास्त्र, खेळ आणि बुद्ध्यंक, खेळ आणि मूल्यशिक्षण. दोन दिवसांत कोणी खेळले नाही, आणि हसले म्हणावे तर माइक बंद पडला तेव्हा तेवढे हसले.

पहिल्या दिवशी रात्री मात्र वेगळेच घडले. आमची निजायची सोय शाळेच्या वर्गांतच होती. बाके भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या. सत्तरीतले एक वयस्क गणिताचे मास्तर होते. दिवसभर ते मागच्या रांगेत गप्प बसून होते. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला आणि मेंढीकोटाचा डाव मांडला. मला त्यांनी आपला भिडू केले. प्रत्येक हातानंतर मास्तर विचारत, ‘‘सर, इस्पिकाची किती पाने गेली? मग उरली किती? ती कोणाकडे असतील?’’ मी मराठीचा माणूस, आकड्यांशी माझे कधी जमले नाही. रात्री एकपर्यंत त्या माणसाने मला संभाव्यता शिकवली आणि शिकवतो आहे हे कळूही दिले नाही. दुसऱ्या दिवशी समारोप झाला, आम्ही आपापल्या बसला लागलो. ते मास्तर पुन्हा भेटले नाहीत.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे अमेरिकेतल्या एका परिषदेविषयीचे वाचन. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरी 2005 साली ‘गेम्स, लर्निंग अँड सोसायटी’ नावाची परिषद सुरू झाली. लोक तिला जीएलएस म्हणत. व्हिडिओ गेम खेळताना माणूस काय शिकतो, कसा शिकतो, हा तिचा विषय. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कर्ट स्क्वायर आणि कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर हे तिचे चालक, आणि जेम्स पॉल जी हे त्या मंडळींतले ज्येष्ठ. परिषदा जगात पुष्कळ भरतात. या परिषदेत माझे लक्ष वेधले ते तिच्या संध्याकाळीकडे. व्याख्याने संपली की उरलेला वेळ म्हणजे चहापान, असा तिथे हिशेबच नव्हता. पेयाचा पेला हातात घेऊन पोस्टरांपुढे उभे राहून वाद घालायचे, नवे खेळ मांडलेल्या दालनात जाऊन ते खेळून बघायचे, शेकोटीभोवतीच्या गप्पा म्हणून ज्येष्ठांशी नुसतेच बोलत बसायचे, हे सगळे कार्यक्रमपत्रिकेत. सुरुवातीच्या काही वर्षांत तर अशा बैठका होत की एकीकडे गेम चालू आणि दुसरीकडे तोंडाने चर्चा चालू.

पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, अमेरिकन चैन आहे झाले. नंतर विस्कॉन्सिनचा इतिहास थोडा चाळला आणि मत बदलले. त्या राज्यात खेळ, शिक्षण आणि बैठक या तिन्ही गोष्टी एकाच पंगतीला बसण्याची रीत दीडशे वर्षांची आहे.

सुरुवात करावी लागते ती जर्मनीत. फ्रीडरिख फ्रोबेल याने 1840 साली आपल्या लहान मुलांच्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायला लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, चिती, ठोकळे अशी खेळणी त्याने क्रमाने रचली आणि त्यांना ‘भेटी’ म्हटले. मुले गोल धरून गात, फिरत, खेळत. आज यात वावगे काय ते सांगता येणार नाही, पण 1851 साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. 1848 ची क्रांती नुकतीच दडपली होती आणि मुलांना मोकळे खेळू देणारी माणसे सरकारला संशयित वाटत होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. त्या क्रांतीत हरलेले पुष्कळ जर्मन अमेरिकेला गेले, त्यांतले बरेच विस्कॉन्सिनमध्ये उतरले. त्यांत कार्ल शुर्झ आणि त्याची बायको मार्गारेथे होती. तिने 1856 साली वॉटरटाउन या गावी आपली मुलगी आणि नात्यागोत्यातली चार पोरे जमवून घरगुती किंडरगार्टन चालवले. अमेरिकेतले ते पहिले. भाषा अर्थात जर्मन. बोस्टनमध्ये 1859 साली एलिझाबेथ पीबडी या बाईंची आणि मार्गारेथेची गाठ पडली. मुलीचे वागणे पाहून पीबडीबाईंनी चौकशी केली, आणि दुसऱ्या वर्षी बोस्टनला इंग्रजी किंडरगार्टन निघाले. म्हणजे ही कल्पना त्या देशभर पसरली ती एका भेटीगाठीतून, घरगुती बोलण्यातून.

(आपल्याकडे मुलांचा खेळ शिक्षणात आला तो मॉंटेसोरीच्या वाटेने. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक भावनगरला एकत्र आले, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, आणि पुढे ताराबाई बोर्डी-कोसबाडला आल्या. तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

आता शंभर-सव्वाशे वर्षे पुढे येऊ. मॅडिसनच्या आग्नेयेला लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे, तेही तळ्याकाठचेच. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा माणूस राहत होता. विमा कंपनीत नोकरी, ती 1970 साली गेली, मग घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून संसार चालवला. नाद एकच, युद्धाच्या खेळांचा. टेबलावर छोटे छोटे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. असा नाद असलेली माणसे देशभर विखुरलेली होती आणि एकमेकांना पत्रांतून ओळखत होती. 1967 साली त्यातली काही जणं गायगॅक्सच्या घरी जमली. पुढल्या वर्षी घर पुरेना म्हणून त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेतला. या मेळाव्याला नाव दिले ‘जेन कॉन’. गावाच्या नावावरची कोटी आणि युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा कराराचीही कोटी. शंभरेक माणसे आली. व्याख्यान बहुधा कोणाला नकोच होते, सगळे खेळायला आले होते.

दुसऱ्या मेळाव्याला, 1969 साली, मिनेसोटाहून डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण आला. शिडाच्या जहाजांच्या लढाईचे नियम कसे असावेत यावर त्याची आणि गायगॅक्सची जुळली. पुढे आर्नेसन आपल्या मित्रमंडळींत एक वेगळाच खेळ खेळू लागला. त्यात सैन्य नाही, प्रत्येकाने एकच माणूस व्हायचे, भुयारात शिरायचे, आणि पुढे काय होते ते एकाने सांगायचे. 1972 साली त्याने लेक जिनिव्हाला जाऊन हा खेळ गायगॅक्सच्या घरी खेळून दाखवला. गायगॅक्सने त्यावर नियमावली लिहिली आणि 1974 च्या जानेवारीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ विक्रीला आला. पहिली आवृत्ती 1000 प्रतींची, खोक्यात कागद भरायचे काम घरच्या घरी झालेले.

आज मुलगा मोबाइलवर गेम खेळताना ‘माझी लेव्हल वाढली’ म्हणतो, अनुभवाचे गुण मोजतो, जीव किती उरला ते पाहतो. हा सगळा हिशेब त्या खोक्यातून घरोघर गेला. त्या दोघांची गाठ ज्या मेळाव्यात पडली त्याला विद्यापीठ नव्हते, अनुदान नव्हते, अध्यक्षही नव्हता. संशोधन म्हणावे असे काही कोणी करत नव्हते. तरी माझ्या मते विसाव्या शतकातल्या खेळांच्या इतिहासात त्या भाड्याच्या हॉलइतकी महत्त्वाची खोली शोधून सापडणार नाही.

मॅडिसनला परत येऊ. हे शहर दोन तळ्यांमधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. वरच्या तळ्याचे नाव मेंडोटा. त्याच्या काठी विद्यापीठाची मेमोरियल युनियन ही इमारत 1928 साली उघडली. विद्यार्थी, प्राध्यापक आणि गावकरी यांनी एकत्र बसावे, खावे, प्यावे, नाटके करावीत, पत्ते-बुद्धिबळ खेळावे यासाठी बांधलेली. तिचे पहिले संचालक पोर्टर बट्स यांचे सगळे आयुष्य या एका कल्पनेत गेले की वर्गाबाहेरचा वेळ हाही विद्यापीठाच्या शिक्षणाचाच भाग आहे. आत रॅथस्केलर म्हणून जर्मन धर्तीचे बसके कमानदार दालन आहे. दारूबंदी सैल होताच 1933 साली तिथे बिअर मिळू लागली. सरकारी विद्यापीठाच्या युनियनमध्ये बिअर मिळण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ. बाहेर तळ्याला लागून पायऱ्यापायऱ्यांची गच्ची आणि तिच्यावर उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या रंगीत लोखंडी खुर्च्या. गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे तिंठ्यावर, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या जुन्या तावेर्नात जे चालते तेच तिथे विद्यापीठाने आपल्या छपराखाली घेतले.

जीएलएसची काही अधिवेशने याच मेमोरियल युनियनमध्ये झाली. जागा अर्धे काम करते, हे नाटकवाल्यांना ठाऊक असते. परिषदवाल्यांना फार क्वचित.

या मंडळींचा अभ्यास काय होता तेही सांगायला हवे, नाहीतर नुसती मौज वाटेल. जी हे मूळचे भाषाशास्त्रज्ञ. सहा वर्षांच्या मुलाचा संगणकावरचा खेळ पाहून त्यांनी पन्नाशी उलटल्यावर स्वतः खेळायला घेतले. खेळ अवघड निघाला, लांबला, पुन्हापुन्हा हरावे लागले. तेव्हा त्यांना प्रश्न पडला की इतकी अवघड वस्तू पोरे पैसे देऊन विकत घेतात आणि शाळेतली सोपी वस्तू त्यांना फुकट नको असते, हे कसे? त्यातून 2003 साली त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यात त्यांनी खेळांत दडलेली शिकण्याची 36 तत्त्वे मांडली. स्क्वायर यांनी ‘सिव्हिलायझेशन’ हा साम्राज्ये उभारण्याचा खेळ शाळेतल्या मुलांना देऊन इतिहास शिकवता येतो का ते पाहिले. स्टाइनक्यूलर यांनी ‘लिनीएज’ या ऑनलाइन खेळात वर्षानुवर्षे राहून एखाद्या मानवशास्त्रज्ञाने वस्तीत राहावे तशी निरीक्षणे टिपली.

त्यांचा एक निबंध 2006 सालचा आहे, डिमिट्री विल्यम्स यांच्याबरोबर लिहिलेला. रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने 1989 साली ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली होती. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी, आणि कॅफे, न्हाव्याचे दुकान, गुत्ता ही तिसरी. तिथे कोणी यजमान नाही, कोणी वरिष्ठ नाही, बोलणे हेच मुख्य काम. अमेरिकेत अशा जागा मरत चालल्या आहेत ही ओल्डनबर्गची तक्रार होती. स्टाइनक्यूलर-विल्यम्स म्हणाले, ऑनलाइन खेळ ही पुष्कळ अंशी अशीच तिसरी जागा आहे. 2008 साली शॉन डंकन यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक काम केले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणारे लोक आपसांत जे लिहितात, त्यातले 1,984 संदेश घेऊन त्यांचे वर्गीकरण केले. वाटले होते टवाळकी जास्त असेल. निघाले असे की 86 टक्के बोलणे ज्ञान रचणारे होते. कोणी आकडे मांडतो, दुसरा चूक दाखवतो, तिसरा पुरावा मागतो, कोणी गणिताचे सूत्र बनवून आणतो.

हे वाचताना मला सत्तरीचे मास्तर आठवले, यात नवल नाही. ‘‘उरलेली पाने कोणाकडे असतील?’’ हा प्रश्नही तसाच होता.

गप्पा म्हणजे शिक्षण, असे ज्यांच्या संशोधनातून निघाले, त्यांनी आपल्या परिषदेत गप्पांना पाच मिनिटांचे मध्यंतर दिले असते तर ते आपलेच म्हणणे खोटे पाडणे झाले असते. म्हणून ती संध्याकाळ. मला त्यांच्या योजनांतली सर्वांत आवडलेली म्हणजे ‘हॉल ऑफ फेल्युअर’, फसलेल्या प्रयोगांचे दालन. आपण बनवलेला शैक्षणिक खेळ कसा आपटला, पैसे कुठे गेले, मुलांनी तो का टाकून दिला, हे ज्याचे त्याने उभे राहून सांगायचे. असले बोलणे एरवी रात्री दुसऱ्या पेल्यानंतर, दार लावून होते. यांनी ते दिवसाउजेडी आणले आणि परिषदेच्या कामकाजाच्या ग्रंथात छापलेसुद्धा. आमच्या एखाद्या संमेलनात ‘माझी फसलेली कादंबरी’ असा परिसंवाद ठेवला तर किती जण व्यासपीठावर येतील? (श्रोते मात्र मंडपात मावणार नाहीत.)

आता दुसरी बाजू. संध्याकाळ सगळ्यांची असते असे नाही. रॅथस्केलर सुरू झाले तेव्हा तिथे फक्त पुरुषांना प्रवेश होता, बायकांना आत बसू द्यायला बरीच वर्षे गेली. लेक जिनिव्हाच्या टेबलांभोवतीही जवळजवळ सगळे पुरुषच. जिथे पेला हातात घेऊन ओळखी होतात तिथे न पिणारा, घरी लहान मूल असलेली बाई, परक्या भाषेत विनोद न समजणारा माणूस, हे भिंतीला लागून उभे राहतात. आणि नोकऱ्या, सहकार्य, पुढच्या प्रकल्पाची बोलणी तर तिथेच होतात. व्यासपीठावरून कोणाला वगळले तर निदान पत्रिकेत दिसते. गप्पांतून वगळले तर त्याची नोंद कुठेच नसते. मराठी माणसाला हे 1885 पासून माहीत असायला हवे. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1878 साली पुण्यात भरली. दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले तेव्हा त्यांनी येण्यास नकार दिला आणि का येत नाही तेही लिहून कळवले. ज्यांचे हक्क तुम्ही मानत नाही त्यांच्याशी तुमची एकी कसली, असा त्याचा आशय. बैठक कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे.

खेळ आणि रात्रीची बैठक यांचे नाते मात्र आपल्याला शिकवायला कोणी मॅडिसनहून यायला नको. कोजागरीच्या व्रतात रात्री जागावे आणि फासे खेळावेत असेच सांगितले आहे. बलिप्रतिपदेचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा. मोक्षपटाचा सापशिडीसारखा खेळ, ज्यात पुण्याने चढायचे आणि पापाने घसरायचे, तो ज्ञानेश्वरांचा म्हणून परंपरा सांगते. त्याला समकालीन पुरावा नाही, पण शिकवण्यासाठी खेळ रचायचा ही कल्पना मराठीत परकी नव्हती एवढे त्यातून कळते. आम्ही फक्त आटवलेले दूध ठेवले आणि फासे काढून टाकले.

संमेलनांचे तसेच. 1930 साली मडगावला मराठी साहित्य संमेलन झाले, वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती. पुन्हा 1964 साली मडगावलाच झाले, तेव्हा शिरवाडकर अध्यक्ष. अध्यक्षीय भाषणे मिळतात, ठराव मिळतात. ब्रिटिश मुलखातून आलेली लेखकमंडळी 1930 च्या त्या रात्री कोणाच्या घरी उतरली, सोप्यावर बसून गोव्याच्या लोकांशी काय बोलली, कोणाला कोणते पुस्तक देऊन गेली, हे मला त्या भाषणांपेक्षा जास्त जाणून घ्यायचे आहे. गायगॅक्स आणि आर्नेसन जहाजांवर काय बोलले ते आपल्याला माहीत आहे, कारण त्यांचा पुढे धंदा झाला, वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, मुलाखती झाल्या. नाहीतर तेही गेलेच असते.

जीएलएसचे पुढे काय झाले? जी 2007 साली ॲरिझोनाला गेले. स्टाइनक्यूलर 2011-12 मध्ये व्हाइट हाउसच्या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालयात खेळांविषयी सल्ला देत होत्या. नंतर त्या आणि स्क्वायर दोघेही कॅलिफोर्नियात इर्विनच्या विद्यापीठात गेले. 2018 साली ही परिषद आणखी दोन परिषदांबरोबर मिळून ‘कनेक्टेड लर्निंग समिट’ झाली आणि ती एमआयटीत भरली. मग महामारी आली. जगभरच्या परिषदा पडद्यावर गेल्या, आणि तेव्हा सगळ्यांना एकदमच कळले की व्याख्यान पडद्यावरून नीट पोचते, व्याख्यानानंतरचा जिना पोचत नाही. 2022 साली जीएलएस पुन्हा जुन्या नावाने भरली, पण इर्विनला. मेंडोटा तळे मागे राहिले. गच्चीवरच्या खुर्च्या आहेत तिथेच आहेत आणि उन्हाळ्यात भरलेल्या असतात.

आमच्या त्या चर्चासत्राचा अहवाल पुढे छापून आला. माझ्याकडे प्रत आहे. सगळे निबंध आहेत, दीपप्रज्वलनाचा फोटो आहे, देणगीदारांची नावे आहेत. पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमाची शेवटची ओळ अशी आहे : रात्री 8.30 वाजता भोजन व विश्रांती.